टू-एम ब्लू: रेकॉर्डची शेवटची गाणी आता ऐकवतात

ऑर्टोफॉनची टू-एम ब्लू ही रेकॉर्ड प्लेअरची सुई गेले काही महिने जवळपास रोज वापरतोय. आधी टू-एम रेड होती. दोन्ही सुया एकाच कार्ट्रिजवर (सुईची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या डबीवर) बसतात. जुनी ओढून काढायची, नवी सरकवायची, की काम झालं. स्क्रू, वायरी कशालाच हात लावायचा नाही. सुईचा रेकॉर्डवरचा भारही तोच, 1.8 ग्रॅम.

फरक सगळ्यात जास्त कळतो तो रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांनी फिरणाऱ्या बारा इंची रेकॉर्डच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ जेमतेम 20. म्हणजे तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं! तिथली बारीक वळणं सुईला झेपली नाहीत की गायिकेचा 'स' फाटतो. रेडवर मला हे सतत जाणवायचं, ब्लूवर बरंच कमी झालंय. टोक दोन्हींचं लंबगोलच आहे. पण रेडमध्ये हिऱ्याचा कण धातूच्या खुंटीवर चिकटवलेला असतो, तर ब्लूमध्ये तो खुंटीशिवाय, अख्खा हिराच सुईच्या बारीक दांडीत बसवलेला असतो. हलणारं वजन घटतं, म्हणून सुई चटकन वळते. सतारीची तार छेडल्यावरचा पहिला टणत्कार आणि मागे राहणारी आस आता वेगवेगळी ऐकू येते. मला हे फार आवडलं.

खर्जात मात्र विशेष बदल नाही. त्याच आशेने कोणी घेणार असेल, तर थांबावं.

वरचे सूर काही सेटअपवर टोचतात, अशी तक्रार ऐकली असेल. तिथे आधी फोनो प्रीअँप, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग, तपासा. कार्ट्रिजची कॉइल आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून वरच्या पट्टीत उठाव तयार होतो. या कार्ट्रिजला प्रीअँपचा 47 किलोओहम रोध आणि 150 ते 300 पिकोफॅरड कपॅसिटन्स मानवतं, आणि या कपॅसिटन्समध्ये टोनआर्मपासूनची (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यापासूनची) केबलही मोजायची. मी आखूड, कमी कपॅसिटन्सची केबल लावली आणि झांजेचा कडकपणा गेला.

प्रोट्रॅक्टरवर (कार्ट्रिज जुळवायच्या मापपट्टीवर) कोन आणि छोट्या डिजिटल काट्यावर भार नीट जुळलेला नसेल, तर नव्या सुईवर पैसे घालण्यात अर्थ नाही. आधी ते करा. रेडसुद्धा पुष्कळ सुधारते. झिजलेल्या रेकॉर्डची खरखर मात्र कुठलीच सुई घालवत नाही.

सुईवरची धूळ काढताना ब्रश नेहमी मागून पुढे, आडवा कधीच नाही. चांगली निगा राखली तर हिरा 1000 तासांपर्यंत चालतो, म्हणून वाजवलेले तास वहीत लिहून ठेवतो. ही सुई संपली की पुन्हा ब्लूच घेणार.