काजूच्या ड्रायरला भुशाची भट्टी : नऊ महिने वापरल्यानंतर

कुडाळजवळ आमचं काजूचं छोटं युनिट आहे. फेब्रुवारीत ड्रायरला लाकडाच्या भुशावर चालणारी भट्टी बसवली आणि आता नोव्हेंबर उजाडला. ऐन हंगाम, वळवाचा पाऊस, आषाढ-श्रावणाची झड आणि आताची कोरडी हवा, सगळं या भट्टीसोबत काढलं. जवळ आरागिरणी आहे म्हणून भुशाचा विचार करणारे बरेच जण मला विचारतात, त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते. आमची पहिली मांडणी फसली, दुसरी जमली. दोन्हींना लोखंड सारखंच लागलं, विटा थोड्या वाढल्या. खरा फरक पडला तो हवा कुठून आत घेतली याने.

आधी आम्ही काजूची टरफलंच जाळायचो. टरफलात तेल असतं, त्यामुळे ती पेटतात झकास, पण धूर काळा आणि चरचरीत. बायकांचे डोळे चुरचुरायचे, धुराड्यात डांबरासारखा थर बसायचा आणि वाऱ्याची दिशा फिरली की शेजारच्या घरातून निरोप यायचा. शिवाय तेल काढणारे गिरणीवाले टरफल विकत घेतात. विकता येणारा माल जाळायचा आणि वर शेजाऱ्यांचा शाप घ्यायचा, हे मला पटेना. इकडे आंब्याच्या पेट्या बनवणाऱ्या आरागिरणीत भुशाचे ढीग पडलेले असतात. तोच आणायचं ठरलं.

ड्रायरची गरज थोडक्यात सांगते, कारण भट्टीचं मोजमाप मी त्यावरूनच करते. कटिंग झालेला काजूगर 65 ते 70 अंशांवर सहा-सात तास ठेवावा लागतो. उष्णता कमी पडली तर साल गराला चिकटून राहते आणि पीलिंगला बसलेल्या बायकांची नखं दुखतात. जास्त झाली तर गर पिवळा पडतो आणि ग्रेड उतरते. धुराचा वास तर अजिबात चालत नाही. म्हणून भट्टीचा जाळ पाइपांच्या आतून जातो आणि ड्रायरची स्वच्छ हवा पाइपांच्या बाहेरून तापते. आमचा ड्रायर 200 किलो गराचा आहे.

पहिली भट्टी ज्या फॅब्रिकेटरने करून दिली त्याने लाकडाच्या भट्टीचंच डिझाइन उचललं. खाली सपाट सळ्यांची जाळी, जाळीखाली ब्लोअर आणि जाळीपासून जेमतेम एक फुटावर पाइप. भुसा फावड्याने आत टाकायचा. निम्मा सळ्यांमधून खाली राखेत पडायचा. उरलेला जाळीवर गादीसारखा बसायचा आणि त्यातून हवाच जायची नाही. ब्लोअर वाढवला की गादीला एक भोक पडायचं, तिथून ठिणग्यांचा फवारा उडायचा आणि बाजूचा भुसा तसाच धुमसत राहायचा. पाइपांच्या आत तीन दिवसांत काजळीचा मखमली थर. ड्रायरचा काटा कधी 58 वर, कधी 80 वर. फॅब्रिकेटर म्हणत होता, ब्लोअर लहान पडतोय, मोठा लावा. दुर्दैवाने मी त्याचं ऐकून मोठा लावलाही.

मग मार्चच्या पहिल्या आठवड्यात भडका झाला. दुपारी वीज गेली, ब्लोअर बंद पडला. आच उतरेल या भीतीने कामगाराने दोन पोती भुसा एकदम आत लोटला आणि दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने मी पाहायला गेले आणि दार उघडलं. आत नुसता पिवळट दाट धूर होता. एक-दोन क्षण काहीच झालं नाही, मग धप्प असा आवाज होऊन दारातून ज्वाळा बाहेर आली. माझ्या उजव्या हातावरची लव जळाली, सुती साडी होती म्हणून पदर वाचला. त्या रात्री मी भट्टी बंद ठेवली आणि हे नेमकं काय झालं ते समजून घ्यायला बसले.

समजलं ते असं. लाकूड तापलं की त्याच्या वजनातला तीन-चतुर्थांश भाग वायू होऊन बाहेर पडतो. ज्वाळा दिसते ती या वायूची असते, मागे कोळसा उरतो तो थोडा. ओंडका हा वायू हळूहळू सोडतो. भुशाचा प्रत्येक कण मात्र इवलासा, म्हणून तापलेला भुसा एकदम वायू सोडतो. त्या वेळी वर पुरेशी हवा आणि पुरेशी धग नसेल तर तो वायू न जळताच धुराड्यातून जातो, नाहीतर पाइपांत काजळी होऊन बसतो, नाहीतर कोंडून राहतो आणि दार उघडायची वाट पाहतो. आम्ही सगळी हवा खालून मारत होतो. हवी होती ती वरून.

आईची भुशाची शेगडी मला तेव्हा आठवली. पत्र्याच्या डब्याला खाली भोक, त्यातून आडवा दांडा घालायचा, मधोमध बाटली उभी करायची आणि भोवती भुसा ठेचून ठेचून भरायचा. मग बाटली गोल फिरवत अलगद वर काढायची. खालून पेटवलं की मधल्या पोकळीच्या भिंतीवरचाच भुसा जळायचा, बाकीचा आपली पाळी येईपर्यंत गप्प. दोन वेळचा स्वयंपाक एका डब्यावर व्हायचा. पेटलेल्या भुशाचा पृष्ठभाग ठरलेला ठेवायचा, एवढंच त्या डब्याचं गुपित. अमेरिकेत सिएटल-पोर्टलंडकडे आणि कॅनडात व्हँकुव्हरला एके काळी घरं उबदार ठेवायला भुशाच्या भट्ट्या सर्रास वापरायचे, त्यांनाही वर हॉपर (भुसा भरून ठेवायची पेटी) असायचं आणि भुसा आपल्या वजनाने थोडा थोडा खाली यायचा. तत्त्व एकच.

दुसरी मांडणी आमच्या गावच्या गवंड्याने आणि एका तरुण वेल्डरने मिळून केली. सपाट जाळी काढून जिन्याच्या पायऱ्यांसारख्या बिडाच्या सात पट्ट्या बसवल्या, प्रत्येक वरची पट्टी खालचीवर थोडी आलेली. हवा पायऱ्यांच्या फटींतून आडवी आत येते आणि भुसा खाली गळत नाही. उतार आधी 30 अंश दिला, त्यावर भुसा सरकेना. तो धान्यासारखा वाहत नाही, कण एकमेकांत अडकतात. 42 अंश केल्यावर चालू लागला. उताराच्या वर फायरब्रिकची (आग सोसणाऱ्या विटांची) बुटकी कमान बांधली. कमान लाल झाली की तिची धग वरच्या पायरीवरच्या ताज्या भुशावर पडते, तो आधी वाळतो, मग वायू सोडतो आणि तळाशी पोहोचेपर्यंत नुसते निखारे उरतात.

कमान संपते तिथे भट्टीचा घसा अरुंद केला आणि दोन्ही बाजूंनी पाऊण इंची बारा भोकं ठेवली. या भोकांची हवा भिंतीतल्या दोन विटांच्या थरांमधल्या पोकळीतून फिरून येते, त्यामुळे येतानाच गरम असते. पुढे एक आडभिंत, जाळाला वळण घ्यायला लावणारी, म्हणजे वायू आणि हवा नीट मिसळतात. त्यानंतर तीन फूट मोकळी जागा आणि मग पाइप. जाळ पूर्ण जळायच्या आत थंड लोखंडाला टेकला की काजळी होणारच. पहिल्या भट्टीत नेमकं तेच होत होतं. ब्लोअर काढून टाकला. धुराडं 14 फुटांवरून 22 फूट केलं आणि त्याच्या ओढीवरच सगळं चालतं. वीज गेली तर भट्टीला पत्ताही लागत नाही. ड्रायरचा पंखा बंद पडतो, त्याच्यासाठी इन्व्हर्टर घेतला.

पेटवल्यावर पाऊण तासाने विटा तापल्या आणि मी बारा भोकांच्या झाकणाची पट्टी हळूहळू सरकवत गेले. घशातला जाळ आधी लालसर, आळसावलेला होता. पट्टी अर्धी उघडल्यावर तो आखूड झाला, पिवळा झाला आणि सुर्रर्र असा एकसारखा आवाज येऊ लागला. कामगार धुराड्याकडे मान वर करून बघत होता. म्हणाला, "वयनी, धूर खंय गेलो?" धुराड्याच्या तोंडावर नुसती हवा थरथरत होती. तो क्षण मी कधी विसरणार नाही.

एप्रिल-मेचा हंगाम उत्तम गेला. पूर्वी एका बॅचला पाच पोती भुसा लागायचा, आता तीन. आमचं पोतं 18 ते 20 किलोंचं भरतं. ड्रायरचा काटा 66 ते 70 मध्ये राहतो. पाइप आठवड्यातून एकदा तारेच्या ब्रशने साफ करते, निघते ती करडी, भुरभुरीत राख. काजळी जवळपास नाहीच.

पावसाळ्याने मात्र रडवलं. ताज्या कापलेल्या लाकडाच्या भुशात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे जळणारं लाकूडच निम्मं, वर त्या प्रत्येक किलो पाण्याची वाफ करायला साधारण 600 किलोकॅलरी खर्च होतात, त्यामुळे असल्या किलोभर भुशातून पूर्ण वाळलेल्याच्या निम्मीही उष्णता हाती येत नाही. त्याहून वाईट म्हणजे कमान थंड पडते, आणि कमान थंड पडली की धूर परत. जूनमध्ये अकेशियाचा ओला भुसा आला आणि चार दिवस मला फेब्रुवारी आठवला. आता माझी परीक्षा सोपी आहे. मूठभर भुसा घट्ट दाबायचा आणि मूठ उघडायची. गोळा तसाच राहिला तर तो भट्टीत जात नाही, विस्कटला तर चालतो. मे महिन्यातच दोन महिन्यांचा साठा करावा, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, बाजूंनी वारा खेळता ठेवून. ओल्या भुशाचा मोठा ढीग करू नये, तो आतून तापतो. ऑगस्टमध्ये मी ढिगात हात घातला तर मनगटापर्यंत चटका बसला.

भुसा कुठला घेता यालाही महत्त्व आहे. गिरणीच्या जमिनीवरून झाडून भरलेल्या भुशात माती येते आणि पायऱ्यांवर काचेसारखा खंगर धरतो, तो छिन्नीने फोडावा लागतो. प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा फुकट मिळाला तरी मी घेत नाही, त्यातल्या गोंदाचा धूर कामगारांच्या छातीत जातो. पॉलिश पेपरची पिठासारखी धूळ तर भट्टीजवळ आणूच नये, ती हवेत उडाली तर स्फोटासारखी पेटते.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. आमच्या भट्टीलाही पायऱ्यांवर भुसा सोडणारं हॉपर आहे, त्यात भुसा स्वतःचीच कमान धरून अडकतो, वीस मिनिटांनी कोणीतरी काठीने ढोसावं लागतं, म्हणजे माणूस बांधला जातो. हॉपर खाली रुंद आणि वर अरुंद केल्यावर त्रास कमी झाला, गेला नाही. हॉपरला घट्ट बसणारी झडप हवीच, नाहीतर आग उलटी वर चढते. आमच्याकडे मेमध्ये एकदा चढली. थंड भट्टी घाईने तापवल्यामुळे ऑगस्टमध्ये कमानीच्या दोन विटा तडकल्या, तेव्हापासून पहिली वीस मिनिटं काटक्यांवरच जाळ ठेवतो. तासाभराच्या कामासाठी मी ही भट्टी कोणाला सुचवणार नाही, विटा तापेपर्यंत तुमचं काम उरकलेलं असेल.

दाराजवळच्या भिंतीवर खडूने दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत. आधी धुराड्याचा डँपर (ओढ कमी-जास्त करायची झडप) पूर्ण उघडायचा, मग दार बोटभर, मग मिनिटभर थांबून पूर्ण. आणि एका वेळी अर्ध्या घमेल्याहून जास्त भुसा नाही. खडू पुसट झाला की कामगार स्वतःच गिरवतात. पुढच्या महिन्यात गवंडी येणार आहे, धुराड्याकडे जाणाऱ्या गरम धुरावर भुसा वाळवायची एक पत्र्याची खोली जोडायची आहे, म्हणजे पुढच्या आषाढात गिरणीतून आलेलं पोतं दोन दिवस तिथे ठेवून मगच हॉपरमध्ये जाईल.