स्टार वॉर्सचा ब्लू-रे संच : आठ महिने आणि तीन पारायणांनंतर

सोलापुरात गड्ड्याची जत्रा चालू होती त्या आठवड्यात हा संच घरी आला आणि परवा गणपती उठले. मधल्या आठ महिन्यांत तीन पारायणं झाली. त्यातलं एक माझं एकट्याचं, रात्री, आवाज बारीक ठेवून. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर वेगळंच लिहिलं असतं, म्हणून थांबलो होतो.

वस्तूचं आधी उरकतो. २०११ साली निघालेला नऊ डिस्कांचा संच. सहा चित्रपट, बाकी तीन डिस्कांवर जादा माल. माझा सेकंड हँड आहे. विकणाऱ्यानं "एकदम कोरा" म्हणून सांगितलं होतं, पण तिसऱ्या भागाच्या डिस्कवर नखाएवढा ओरखडा निघाला. तिथं आलं की चित्र गोठतं, दोन-चार चौकोन उडतात आणि मग गाडी पुढे सरकते. पैसे मागितले, मिळाले नाहीत, सोडून दिलं. मराठी सबटायटल नाहीत. इंग्रजी लावून बघितलं, कारण सिनेटमधली, म्हणजे सगळ्या ग्रहांच्या सभागृहातली, माणसं भरभर बोलतात आणि एक शब्द सुटला तरी डाव कळत नाही.

मी इथं फक्त १९९९, २००२ आणि २००५ च्या तीन चित्रपटांबद्दल लिहितोय. निघाले नंतर, पण गोष्टीच्या क्रमानं हेच पहिला, दुसरा आणि तिसरा भाग. १९७७ पासूनच्या जुन्या तिघांवर लोकांनी भरपूर लिहिलंय, आणि ते चांगले आहेत हे सांगायला माझी गरज नाही.

पहिल्या चित्रपटाच्या सुरुवातीला पिवळी अक्षरं आभाळात वर सरकत जातात. पुतण्या, वय अकरा, लेझरच्या तलवारींची वाट बघत मांडी घालून बसलेला. आणि अक्षरं सांगतात काय, तर दूरच्या ग्रहांकडे जाणाऱ्या व्यापारी वाटांवर कर बसवलाय, त्यावरून तंटा झालाय आणि व्यापारी महासंघानं नाबू नावाच्या लहानशा ग्रहाची नाकेबंदी केलीय. आप्पा खुर्चीतून म्हणाले, "म्हंजे जकातीचं भांडण म्हण की!" सगळे हसलो. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. घरी आल्यावरही कराचंच ऐकायचं म्हटल्यावर माझं तोंड उतरलं.

तेव्हाचं माझं मत असं होतं की महासंघाच्या फौजेतले यंत्रमानव झकास आणि सिनेट कंटाळवाणी. सिनेट आली की पुतण्या रिमोट उचलायचा आणि मी त्याला अडवायचो नाही.

यंत्रमानव बघायला खरंच मजा येते. हाडाच्या रंगाचे, काटकुळे, लांब तोंडाचे. घड्या घालून गाडीत टांगलेले असतात. गाडीचं तोंड उघडतं आणि बीमवरून ताणा उलगडावा तशा त्यांच्या रांगा बाहेर येतात, मग सगळे एकदम ताठ उभे. हुकूम मिळाला की "रॉजर रॉजर" म्हणतात. हे दोन शब्द आमच्या घरात आणि नंतर कारखान्यात असे रुजले की मालकानं हाक मारली की पॅकिंगची पोरं तोंडातल्या तोंडात "रॉजर रॉजर" करतात. दुसरी एक जात आहे ती चाकासारखी गडगडत येते, उलगडते आणि स्वतःभोवती ढाल उभी करते. तिला मात्र लेझरच्या तलवारीवाले योद्धे, जेडायसुद्धा, पाठ दाखवतात. दुसऱ्या चित्रपटात जिओनोसिस ग्रहावर या फौजेचा कारखाना दाखवलाय. पट्ट्यावरून डोकी चाललीत, धडं चाललीत, यंत्रंच यंत्रं जोडतायत. आप्पा आयुष्यभर गिरणीत होते. बाकी कशाला त्यांनी दाद दिली नाही, पण इथं पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "येवढ्या खात्यात एक पण जॉबर दिसंना बे."

पहिल्या चित्रपटाच्या शेवटी ही सगळी फौज एका क्षणात बंद पडते, कारण तिचं नियंत्रण वर आकाशात उभ्या असलेल्या एकाच जहाजातून होतं. नऊ वर्षांचा पोरगा चुकून त्या जहाजात शिरतो, गोळे सोडतो, जहाज फुटतं आणि खाली गवताळ मैदानावर हजारो सैनिक माना टाकून थिजतात. बऱ्याच लोकांना हे फार सोयीचं वाटतं. मलाही वाटलं होतं. मग एप्रिलमध्ये एका दुपारी वीज गेली. आमचं घर पूर्व भागात, मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांची शेड आहे. त्या खटाखटीची कानाला इतकी सवय असते की ती ऐकू येत नाही, थांबते तेव्हा कळते. त्या दिवशी अख्ख्या गल्लीतले माग एका ठोक्यात गप्प झाले, धोटे जिथल्या तिथं. आप्पा म्हणाले की गिरणीत पूर्वी एका लांब शाफ्टवर पट्ट्यांनी सगळं खातं चालायचं, शाफ्ट थांबला की खातं थांबलं. पुतण्या म्हणाला, "काका, कंट्रोल शिप उडालं!" तेव्हापासून तो शेवट मला सोयीचा वाटत नाही. एका कळीवर चालणारी यंत्रं एका कळीवर बंदही पडतात, यात लेखकाचा आळस नाही.

दुसऱ्या पारायणात, मे महिन्यात, माझं लक्ष फिरलं. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, घराबाहेर पडणं अशक्य, त्यात नळाला पाणी यायचा दिवस असला की मध्येच पॉज करून कळश्या भरायच्या. अशा तुकड्या-तुकड्यांच्या बघण्यात लढाया विसरतात आणि बोलणी डोक्यात राहतात.

बोलण्यांचा केंद्रबिंदू म्हणजे पॅल्पटीन. नाबूचा सिनेटर, मऊ आवाजाचा, सभ्य, सगळ्यांचा काका. त्याच्या स्वतःच्या ग्रहावर यंत्रमानव चाल करून येतात. राणी पद्मे अमिदाला अवघी चौदा वर्षांची, निवडून आलेली. (नाव ऐकून वहिनी म्हणाल्या, "ही तर आपल्या पूर्व भागातल्या पद्मशालींतली दिसते.") ती दाद मागायला राजधानीत येते. तिथं महासंघाचाच प्रतिनिधी सिनेटमध्ये बसलेला. म्हणजे व्यापारी कंपनी, तिची स्वतःची फौज आणि वर सभागृहात जागा! आपल्याला यात अचंबा वाटायचं कारण नाही. १८१८ मध्ये सोलापूरचा भुईकोट घेतला तो कंपनीच्याच फौजेनं. प्रतिनिधी चौकशी समिती नेमा म्हणतो, सिनेटचा प्रमुख, चान्सलर व्हॅलोरम, कचरतो आणि पॅल्पटीन राणीच्या कानाशी लागून अविश्वास ठराव सुचवतो. ठराव ती मांडते, बोट त्याचं कुठंच दिसत नाही. व्हॅलोरम जातो, नाबूच्या सहानुभूतीवर पॅल्पटीन चान्सलर होतो. आणि महासंघाला नाबूवर सोडणारा बुरख्यातला सिथ स्वामी, जेडायांचा हाडवैरी, कोण? तोच. आग लावणारा तो, बंब मागवणारा तो आणि बंबाचं टेंडर घेणाराही तोच.

जुने प्रेक्षक म्हणतील, यात गुपित कसलं? इयन मॅकडायर्मिड या नटानं १९८३ च्या चित्रपटात मेकअपखाली सम्राटाचं काम केलं होतं आणि १९९९ मध्ये तोच पॅल्पटीन झाला. चेहरा ओळखणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक. पण माहीत असून बघण्यातच खरी गंमत आहे, कीर्तनात गोष्ट माहीत असते तशी. त्याच्या प्रत्येक वाक्याला दोन अर्थ लागतात. तिसऱ्या पारायणात मी फक्त त्याच्याकडे बघत होतो.

दुसऱ्या भागात दहा वर्षं गेलीत. हजारो ग्रह प्रजासत्ताकातून फुटायच्या तयारीत आहेत, त्यांचा म्होरक्या काउंट डूकू. सैन्य उभारायचं की नाही यावर सिनेटमध्ये मतदान आहे आणि विरोधातला सगळ्यात खणखणीत आवाज पद्मेचा, ती आता सिनेटर आहे. तिच्यावर हल्ला होतो, "जिवाला धोका आहे" म्हणून तिला राजधानीबाहेर पाठवतात. तिच्या जागी कोण बसतं, तर जार जार बिंक्स, ज्याला सगळं जग नावं ठेवतं. चान्सलरला आणीबाणीचे अधिकार द्यावेत हा प्रस्ताव तोच भोळसट मांडतो आणि सभागृह टाळ्या पिटतं. जानेवारीत मी जार जारला शिव्या दिल्या होत्या. आता वाटतं, अख्ख्या मालिकेतला सर्वांत भीतिदायक प्रसंग त्याच्याच वाट्याला आलाय.

तोवर दुसरी फौज तयारच असते. पावसानं झोडपलेल्या कमिनो ग्रहावर एकाच माणसापासून घडवलेले क्लोन. दोन लाख नग तयार, दहा लाख वाटेवर, असं तिथला प्रधान मालाची डिलिव्हरी सांगावी तसं सांगतो. ऑर्डर दहा वर्षांपूर्वीची. एका जेडायच्या नावावर, जो कधीच मेलाय. ऑर्डर खरी कुणी दिली, पैसे कुणी भरले, हे चित्रपटात कुठंच नीट सांगत नाहीत. हिशेब बघणाऱ्या माणसाला हे फार खुपतं. आणखी एक खुपलेली गोष्ट अशी की कैदेत असलेल्या ओबी-वॉन या जेडायला डूकू चक्क खरं सांगून टाकतो, सिनेट एका सिथच्या मुठीत आहे म्हणून. ओबी-वॉन विश्वास ठेवत नाही. शत्रूच्या तोंडून आलेलं सत्य कोण घेतो? पहिल्या दोन वेळा हे वाक्य माझ्याही कानावरून गेलं होतं.

तर युद्ध असं: इकडे प्रजासत्ताकाचे क्लोन, तिकडे फुटीरांचे यंत्रमानव, आणि दोन्ही फौजांची दोरी एकाच हातात. यंत्रमानव कितीही तुटले तरी कुणाच्या घरी सुतक नाही, म्हणून सिनेटमध्ये कुणी हिशेब विचारत नाही. यंत्रमानवांची फौज दुबळी का, नेम का चुकतो, असं लोक चिडवतात. माझं उलट मत झालंय. पॅल्पटीनला जिंकणारी फौज नकोच होती, न संपणारं युद्ध हवं होतं, आणि त्यासाठी हेच सैनिक बरे. तिसऱ्या भागात डूकू मेला, यंत्रमानवांचा सेनापती जनरल ग्रीव्हस मेला, काम झालं. मग एका फर्मानानं क्लोन आपल्याच जेडाय सेनापतींना पाठीत गोळ्या घालतात. फुटीर पुढारी मुस्ताफार ग्रहावर कापले जातात आणि यंत्रमानव पुन्हा बंद. पहिल्या चित्रपटात पोरानं चुकून केलेलं काम इथं आदेशानं होतं.

बघता बघता आणखी एक लक्षात आलं. हे यंत्रमानव कुरकुरतात, घाबरतात, एकमेकांना विचारतात. क्लोन माणसाच्या रक्तामांसाचे, पण फर्मान आलं की एकही चाचरत नाही. रोबो हा शब्द चेक लेखक कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून आला आणि त्याच्या मुळाशी वेठबिगारीचा अर्थ आहे. त्या अर्थानं खरे रोबो कोण, हे पुतण्याला विचारलं. त्यानं पटकन "क्लोन" म्हटलं आणि मग बराच वेळ गप्प होता.

पॅल्पटीन साम्राज्य जाहीर करतो आणि सभागृह कडकडून टाळ्या वाजवतं, तो प्रसंग सोलापुरात बसून बघताना जरा वेगळा लागतो. आमच्याकडे मे १९३० मध्ये मार्शल लॉ लागला होता आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघे फासावर गेले. गड्ड्याच्याच दिवसांत त्यांची पुण्यतिथी येते. पण तो कायदा परक्या सरकारनं लादलेला होता. इथं लोकांनी निवडलेलं सभागृह स्वतः उठून मागून घेतं.

आता उणं. दुसऱ्या भागातलं प्रेमप्रकरण पुढे ढकलून बघा, पाप लागणार नाही. दुसरा भाग सगळा डिजिटल कॅमेऱ्यावर घेतलाय. २००२ च्या मानानं ते मोठं धाडस होतं, पण आमच्या पंचावन्न इंची टीव्हीवर चित्र मऊ, धुतल्यासारखं दिसतं. क्लोनांचं एकही चिलखत प्रत्यक्षात घडवलेलं नव्हतं, सगळे संगणकावरचे, आणि क्लोनांचं काम करणाऱ्या टेमुएरा मॉरिसनचं खरं डोकं त्या खोट्या धडावर बसवलं की मान जरा तरंगते. २०११ च्या या संचात पहिल्या भागातला बाहुलीचा योडा (बुटका जेडाय गुरू) काढून संगणकाचा घातलाय. माझ्या मते बरं केलं. १९८३ च्या चित्रपटात मात्र काळ्या मुखवट्यातल्या व्हेडरच्या तोंडी नवी आरोळी घातलीय, ती काढता आली तर काढली असती. जॉन विल्यम्सचं संगीत बाकी सगळं पोटात घेतं. साधा साउंडबार असेल तरी लावा.

क्रमाची चूक मी केली ती तुम्ही करू नका. घरात लहान असतील तर आधी १९७७ आणि १९८० चे दोन दाखवा. आम्ही एक-दोन-तीन असे गेलो आणि पुतण्याला बापलेकाचं गुपित फुकट कळलं. १९८० च्या चित्रपटात ते गुपित फुटतं तो प्रसंग आला तेव्हा तो शेंगा सोलत होता, मान वरसुद्धा केली नाही.

आता त्याला कार्टून मालिका हवीय, २००८ ची, एकशे तेहतीस भागांची. यंत्रमानवांच्या कुरकुरी तिथं आणखी धमाल आहेत आणि त्या क्लोनांच्या ऑर्डरचा हिशेबही थोडाफार तिथंच लागतो, म्हणून माझीही ना नाही.

गौरीच्या दिवशी तिसरं पारायण संपलं. डिस्क काढत होतो तर आप्पा म्हणाले, "ते सगळं झालं की. पण जकातीचं काय झालं शेवटी?" मी दोन दिवस लावून दुसरा आणि तिसरा भाग सबटायटलसकट पुन्हा बघितला. कराचं कुणी नावसुद्धा काढत नाही.