बायर्न तिकीट: म्युनिकमध्ये शिकणाऱ्यांसाठी परवडणारी भटकंती

सुट्टीत दादरला घरी आले, की मुंबईहून म्युनिकला शिकायला निघालेल्यांना मी आवर्जून सांगते, की एकेकट्याने तिकीट काढू नका. जर्मन रेल्वेच्या बायर्न तिकिटावर पाच जणांपर्यंतचा गट म्युनिक ज्यात येते त्या बव्हेरिया (जर्मनमध्ये बायर्न) राज्यात दिवसभर हवा तितका प्रवास करू शकतो आणि सोबती वाढतील तसा माणशी खर्च उतरत जातो. एरवी सकाळी ९ नंतर लागू होणारे हे तिकीट शनिवार-रविवारी मात्र मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत चालते, त्यामुळे पहिल्या गाडीने फ्युसेन गाठून नॉयश्वानस्टाइन किल्ला निवांत पाहता येतो. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंतही ते पुरते. पासपोर्ट तेवढा जवळ हवा.

आयसीईसारख्या वेगवान गाड्यांत ते चालत नाही, ही मोठी मर्यादा. पण प्रादेशिक गाडीच्या खिडकीतून आल्प्स जवळ येताना पाहणे मला अधिक प्रिय आहे. छापील तिकिटावरच्या अरुंद ओळींत प्रत्येकाचे नाव पेनाने सुवाच्य लिहावे, कारण तपासनीस ते ओळखपत्राशी ताडून पाहू शकतो. तिखटमिठाच्या पुऱ्या घरूनच न्याव्यात. किल्ल्याजवळचे जेवण विद्यार्थ्याच्या खिशाला जड जाते.