नायट्रेट ‘शून्य’ करून देणाऱ्यापासून सावध राहा, छोटा सॉल्टवॉटर टँक (समुद्री माशांचं घरगुती अॅक्वेरियम) असेल तर वाचाच

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण हा माणूस अजून ठाणे, मुलुंड, भांडुप भागात घरोघरी जातोय आणि ज्यांच्याकडे नवीन टँक आहे तेच त्याला बरोबर सापडतात.

आमचा टँक 60 लिटरचा. क्लाउन माशांची जोडी, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी), थोडे स्नेल्स (गोगलगायी). एवढ्याशा पाण्यात नायट्रेट चढतंच, कारण उरलेलं खाणं आणि माशांची घाण यातून अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट, आणि साध्या फिल्टरमध्ये गाडी तिथेच थांबते, नायट्रेट आपोआप कुठे जात नाही, साठत राहतं. खुल्या समुद्रात वरच्या पाण्यात ते 1 पीपीएम (लिटरला साधारण 1 मिलिग्रॅम) सुद्धा नसतं. नुसते मासे असतील तर 30-40 पर्यंत निभावतं पण श्रिंपसारख्यांना आधीच त्रास सुरू होतो.

तर हा टँक मेंटेनन्सवाला ओळखीतून आला. त्याने स्वतःच्या किटने टेस्ट केली, ट्यूब लालभडक, म्हणाला, “ताई, 80 आहे, मासे जातील, पण टेन्शन घेऊ नका, मी शून्यावर आणून देतो.” मग त्याने दोन गोष्टी विकल्या. एक, 900 रुपयांची लेबल नसलेली बाटली, “इम्पोर्टेड बॅक्टेरिया”. दुसरं, 600 रुपयांचा 20 लिटरचा कॅन, “खोल समुद्रातलं पाणी, बोटवाल्याकडून थेट”. दर भेटीला बाटली, दर भेटीला कॅन, आणि दर भेटीला तो टेस्ट करायचा आणि ट्यूब पिवळी, म्हणजे शून्य. पैसे यूपीआयने, बिल कधीच नाही.

आणि तरी काचेवर तपकिरी थर येत होता, बाटलीतलं ओतलं की पाणी दुधासारखं गढूळ व्हायचं आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करायचे. एकदा असं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी श्रिंप मेलेला. तो म्हणाला, “श्रिंप नाजूकच असतात.” मला ते अजिबात पटलं नाही, मी तेव्हाच रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारेपणा मोजायचं उपकरण) आणि स्वतःचं किट मागवलं.

कॅनमधल्या पाण्याची सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा (गोड्या पाण्याच्या तुलनेतली घनता), निघाली 1.018, पाहिजे 1.025-1.026. किनाऱ्याजवळचं पाणी पावसाळ्यात असं पातळ होतं, वर शहराचं सांडपाणी मिसळलेलं, त्याला खोल समुद्र कोण म्हणेल. त्याच कॅनचं नायट्रेट मी तपासलं तर 40! म्हणजे बघा, टँकमध्ये 80 आणि स्वच्छ पाण्याने 25 टक्के बदललं तर 60 व्हायला पाहिजे, पण या पाण्याने होतं 70, आणि कितीही कॅन ओतले तरी 40 च्या खाली जाणं शक्यच नाही. औषध म्हणून आपण नायट्रेटच विकत घेत होतो, आणि सॅलिनिटी खाली जात होती ते वेगळंच.

पण मग त्याची ट्यूब पिवळी कशी? माझ्या किटवर तर टँक 70-80 च दाखवत होता.

हे शोधायला मी नायट्रेट नेमकं किती ते माहीत असलेलं पाणी बनवलं, ते कोणीही करू शकतं. माझे मामा निफाडला द्राक्षवाले, त्यांच्याकडे 13:0:45 हे खत असतं, ते म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. त्यात 13 टक्के नायट्रोजन, नायट्रेटमध्ये बदलायला 4.43 ने गुणायचं, म्हणजे 1 ग्रॅम खत 1 लिटर पाण्यात टाकलं की साधारण 575 पीपीएम. त्यातलं 70 मिली घेऊन आरओच्या पाण्यात सॉल्ट मिक्स (अॅक्वेरियमसाठीचं समुद्री मीठ) घालून बनवलेल्या पाण्याने 1 लिटर केलं की झालं 40 चं पाणी. (हे टँकमध्ये चुकूनही नाही ओतायचं.) आधी माझं किट यावर तपासलं, रंग बरोबर 40 चा आला.

मग हेच पाणी दोन सारख्या बाटल्यांत भरलं. एकीवर लिहिलं ‘आपला टँक’, दुसरीवर ‘मैत्रिणीचा टँक’. तो आला तेव्हा म्हटलं, दादा, माझ्या मैत्रिणीनेही टँक घेतलाय, दोन्ही बघा ना. पहिली केली ‘आपला टँक’ : पिवळी. “बघा ताई, शून्य.” मग ‘मैत्रिणीचा टँक’ : लाल. “बापरे, हे 80 च्या वर आहे, त्यांचा नंबर द्या, मी उद्याच जातो.”

पाणी एकच होतं! मी त्याच्या हातांकडे बघत होते म्हणून कळलं. या किटमध्ये दोन बाटल्या असतात आणि दुसरीतला महत्त्वाचा भाग तळाला बसतो, ती अर्धा मिनिट जोरात हलवायची, थेंब टाकल्यावर ट्यूबसुद्धा मिनिटभर हलवायची आणि मग 5 मिनिटं थांबायचं. आमच्या ट्यूबच्या वेळी त्याने बाटली नुसती उलटी केली, मैत्रिणीच्या वेळी दणादण हलवली. नवीन गिऱ्हाईक असेल तर हलवायची, जुनं असेल तर नाही, एवढाच सगळा धंदा. एका जिवंत प्राण्याचा जीव गेला या प्रकारात, याचा मला अजून राग येतो.

तोंडावर सांगितलं तेव्हा तो म्हणाला किट खराब असेल, आणि निघून गेला, त्यानंतर फोन उचलत नाही. आधी एकदा तो “ओरिजिनल लाइव्ह रॉक” (सूक्ष्मजीव वस्तीला असलेला समुद्रातला खडक) पण देत होता, त्यावर प्रवाळाची चांदण्यांसारखी नक्षी स्पष्ट दिसत होती. खडक बनवणारे सगळे प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची 1 मध्ये आहेत, असा तुकडा घरात सापडला तर गुन्हा आपल्यावर येतो, विकणारा तोवर गायब.

नायट्रेट खरंच कसं उतरलं तेही सांगते. आरओचं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) बघून, 15 लिटरला साधारण अर्धा किलो सॉल्ट मिक्स, रात्रभर पंपाने फिरवून, दर आठवड्याला 25 टक्के बदल. हिशोबाने 80, 60, 45, 34, 25, 19 असं जातं, प्रत्यक्षात रोजची भर पडतच असते म्हणून थोडं जास्त लागतं. खाणं निम्मं केलं, स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात धुते, मागच्या कप्प्यात नायट्रेट शोषणारं किटोमॉर्फा शेवाळ आणि वर लाइट. घाईत एकदम अर्ध्याहून जास्त पाणी बदलू नका, आतल्या जिवांना झटका बसतो. आता 10-15 च्या दरम्यान असतं आणि क्लाउन झकास खातात.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सअॅप मेसेज जपून ठेवलेत, पैसे अजून मिळालेले नाहीत. असा कोणी तुमच्याकडे आला, लेबल नसलेली बाटली, पांढरे कॅन, खोक्याशिवायचं किट, तर टेस्ट त्याच्यासमोर तुम्ही स्वतः करा, बाटली तुम्ही हलवा, घड्याळ लावून. आणि टँकच्या आधी त्याच्या कॅनचं पाणी तपासा.