गोव्यात पर्वरीतल्या आमच्या सोसायटीत मॅनेजमेंट कंपनी: ११ महिन्यांनंतर

कंपनीचं नाव लिहीत नाही, करार ३१ मार्चपर्यंत चालू आहे आणि मी स्वतः कमिटीत आहे, उगाच भांडण नको. ५४ फ्लॅटची सोसायटी, त्यात बारमाही माणसं राहतात अशी घरं फक्त २३, बाकीचे मालक मुंबई-पुणे-दिल्लीचे, नाताळात आणि मे महिन्यात उगवणारे. हा २३ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एप्रिल २०२५ मध्ये कंपनी ठेवली. त्याआधी सगळं सेक्रेटरी काका एकटे बघायचे, वय ७१, रात्री ११ ला पंप बंद पडला की टॉर्च घेऊन तेच खाली. त्यांनी हात टेकले म्हणून कोटेशनं मागवली. महिन्याला १,३५,००० ठरले, त्यात मॅनेजर, वॉचमन, झाडलोट, हिशेब. वर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २४,३००, आणि आमचा मेंटेनन्स घरटी ७,५०० च्या खाली असल्यामुळे सोसायटीने जीएसटी नंबरच घेतलेला नाही, मग भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट कसलं घेणार, सगळे पैसे गेलेच. कोटेशन बघताना हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

आता मुख्य मुद्दा, तक्रारी. दर महिन्याला रिपोर्ट येतो, रंगीत, चार्ट वगैरे, आलेल्या तक्रारी इतक्या, मिटवल्या इतक्या, ९० टक्क्यांच्या खाली कधीच नाही. पहिले तीन महिने मीपण खूश. जुलैत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या आणि भडकल्याच, "अहो, बेडरूमची भिंत अजून ओली आहे आणि ॲपवर पाच वेळा तक्रार मिटली म्हणून मेसेज आलाय!" तेव्हा कळलं की प्लंबर येऊन बघून गेला की तिकीट, म्हणजे ॲपवरची तक्रारीची नोंद, बंद. "फाल्यां येतां" (उद्या येतो) म्हणून गेला तरी बंद. आणि गोव्यातल्या प्लंबरचं फाल्यां म्हणजे काय ते मी सांगायला नको.

कारण शेवटी काय निघालं, तर गच्चीवरचा पावसाच्या पाण्याचा पाइप पानांनी तुंबलेला. पावसाआधीची साफसफाई त्यांच्या वेळापत्रकात जूनच्या पहिल्या आठवड्यात होती, आणि २०२५ मध्ये पाऊस मे संपायच्या आत आला. अर्ध्या दिवसाचं काम. ते झालं नाही म्हणून पाच तक्रारी, आणि त्या पाचही रिपोर्टमध्ये 'मिटवलेल्या' म्हणून त्यांच्याच खात्यात जमा!

मग मी टक्केवारी सोडून कच्ची यादी मागितली, तारीख, फ्लॅट, काम, सगळं. आधी "असा फॉरमॅट नाही सर", कमिटीने लेटरहेडवर लिहून दिल्यावर दोन दिवसांत आला फॉरमॅट. एक अख्खा रविवार ती यादी, वॉचमनचं रजिस्टर आणि व्हॉट्सॲप ग्रुप घेऊन बसलो (बायकोचं मत वेगळं होतं या छंदाबद्दल). जून ते सप्टेंबर ११८ तिकिटं, त्यातली ३७ त्याच घरातून त्याच कामासाठी पंधरा दिवसांच्या आत परत आलेली. रजिस्टरमधल्या वीसेक तक्रारी ॲपवर कधी चढल्याच नाहीत, कारण म्हातारी माणसं ॲप उघडत नाहीत, वॉचमनला सांगतात.

आणि तो २३ चा आकडा. बंद घर तक्रार करत नाही. डिसेंबरात पुण्याच्या एकांनी फ्लॅट उघडला तर कपाटातल्या कपड्यांवर पांढरी बुरशी, बेसिनखाली पाणी ठिबकून प्लायवूड फुगलेलं, मग शेजारचेही दोन फ्लॅट उघडले आणि एका आठवड्यात ११ तक्रारी. चाव्या देऊन ठेवलेले फ्लॅट महिन्यातून एकदा उघडून बघायचे असं करारात आहे, चाव्यांच्या वहीत जूननंतर एक नोंद नाही. म्हणजे "तुमच्या सोसायटीतून तक्रारी फार कमी येतात" म्हणून ते जे कौतुक सांगत होते ते अर्ध्या बंद कुलपांचं होतं. गोव्यात कुठल्याही कंपनीचा रेकॉर्ड बघताना आधी तिथे राहतात किती जण ते विचारा.

सगळ्यात जास्त राग आला तो लिफ्टचा. चवथ (गणेश चतुर्थी) २७ ऑगस्टला, लिफ्ट २५ ला बंद, खड्ड्यात पाणी. लिफ्टवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले तुमची एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) ३१ जुलैला संपली. रिन्यू करायचं काम कंपनीचं, पण नवा मॅनेजर म्हणतो जुन्याने सांगितलं नाही. माटोळीचं (बाप्पाच्या वर टांगतात ती फळं-पानांची सजावट) सामान, नारळांचा घड, बाप्पाची मूर्ती, सगळं जिन्याने चार मजले. चौथ्या मजल्यावरच्या आजी चवथीला खाली आल्याच नाहीत, आरतीला आम्हीच वर गेलो.

मॅनेजर ११ महिन्यांत तीन झाले. पहिला मुलगा खरंच चांगला होता, टाकी ओव्हरफ्लो व्हायच्या आधी त्याला कळायचं, जूनमध्ये सोडून गेला आणि रिपोर्ट सोडला तर बाकी सगळं तिथून घसरलं.

चांगलं पण लिहायला हवं. हिशेब चोख आहे, थकबाकी जवळजवळ संपली (काकांना जमलं नव्हतं, शेजाऱ्याकडे पैसे कसे मागणार), विजेचं बिल एकदाही उशिरा नाही. वॉचमन दुसऱ्याच एजन्सीचे निघाले तेव्हा मी खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे एजन्सीचं लायसन्स आणि पीएफची चलनं मागितली, दोन आठवडे लागले पण दिली. झाडणारी ताई तर सोन्यासारखी.

नव्या करारासाठी त्यांनी १० टक्के वाढ मागितली आहे. आम्ही म्हटलंय, तिकीट घरमालकाने हो म्हटल्याशिवाय बंद होणार नाही, गच्चीची सफाई १५ मेच्या आत आणि बंद घरांचे फोटो दर महिन्याला. पहिल्या दोन गोष्टी मान्य, फोटोंवर अडलंय. लिफ्टची एएमसी मात्र यापुढे सोसायटीच थेट करणार, तारीख काकांनी देवघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे.