सोमालियाच्या नावाखाली विकलेलं फ्रँकिन्सेन्स तेल

साबण, मसाज तेल, अत्तर करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, कारण हाच माल अजून बाजारात फिरतोय.

मी घरगुती साबण बनवतो. एका व्यापाऱ्याकडून सोमालियाच्या फ्रँकिन्सेन्सचं (बॉसवेलिया झाडांच्या सुगंधी डिंकाचं) तेल घेतलं, ‘बॉसवेलिया कार्टेरी’ या जातीचं म्हणून. सोबत जीसी-एमएसचा, म्हणजे तेलात कोणते घटक किती आहेत हे दाखवणाऱ्या लॅब चाचणीचा, रिपोर्ट होता: अल्फा-पायनीन सर्वात जास्त, मागोमाग लिमोनीन आणि अल्फा-थुजीन. कार्टेरीच्या तेलाला शोभेल असाच. मात्र रिपोर्टवर बॅच नंबर होता, कॅनवर नव्हता.

झाकण उघडलं की कार्टेरीचा वास कसा ताजा, पाइनचा, थोडा लिंबाच्या सालीचा येतो. हा आला गोडसर, पिकल्या फळासारखा. नमुना लॅबला पाठवला. निम्म्याहून जास्त ऑक्टिल ॲसिटेट निघालं, शिवाय ऑक्टॅनॉल, इन्सेन्सोल आणि इन्सेन्सोल ॲसिटेट. अल्फा-पायनीन नावापुरतं. ही ओळख बॉसवेलिया पॅपिरिफेरा या दुसऱ्या जातीची. ते झाड इथिओपिया, सुदान, एरिट्रियातलं. तेल वाईट नाही, मला तर त्याचा वास आवडतो; पण त्याच्याच नावाने आणि त्याच्याच दराने विकायला हवं.

व्यापाऱ्याकडे उत्तर तयार होतं: ‘जुन्या शोधनिबंधांत कार्टेरीतही ऑक्टिल ॲसिटेट दिलंय.’ दिलंय हे खरं. पण त्या वेळी तपासलेला डिंक बहुधा पॅपिरिफेराचाच होता, नाव चुकीचं लागलं होतं, हे नंतरच्या अभ्यासांत पुढे आलंय. असा निबंध कोणी तोंडावर फेकला तर गप्प बसू नका.

त्याच्या जाहिरातीतली दुसरी थाप जास्त संतापजनक आहे. ‘बॉसवेलिक ॲसिडयुक्त, सांधेदुखीवर रामबाण.’ बॉसवेलिक ॲसिड डिंकात असतं, पण त्याचा रेणू इतका जड (रेणुभार सुमारे 456) की वाफेने तेल काढताना तो वर येतच नाही, भांड्यातल्या चोथ्यात राहतो. गुडघे दुखणारी म्हातारी माणसं याच आशेवर पैसे घालतात.

पैसे परत द्यायला त्याने साफ नकार दिलाय. ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. तुमच्याकडे असं तेल आलं असेल तर वापरून संपवू नका. थोडं काचेच्या बाटलीत सील करून ठेवा, बिल आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपा, आणि लॅबला ऑक्टिल ॲसिटेट व इन्सेन्सोल ॲसिटेट नाव घेऊन तपासायला सांगा. नवीन माल घेताना रिपोर्टवरचा बॅच नंबर कॅनवर छापलेला नसेल, तर आगाऊ पैसे देऊ नका.