खुब्याचा गोळा बदलायचा: सिमेंटचा की बिनसिमेंटचा?

मोरीत पाय घसरला, आईच्या खुब्याचं हाड मोडलं, की यावल-रावेरकडची गाडी जळगावला निघते, साक्री-शिरपूरकडची धुळ्याला. दवाखान्यात काही तासांतच विचारलं जातं: गोळा बदलावा लागेल, सिमेंट घालून बसवू की बिनसिमेंटचा? माझं मत आधीच सांगतो. वय पासष्टच्या पुढे आणि हाड ठिसूळ असेल, तर सिमेंटचा.

आधी एक्स-रे बघून नीट विचारून घ्या. हा प्रश्न मांडीच्या हाडाची मान, म्हणजे गोळ्याखालचा निमुळता भाग, मोडून जागेवरून सरकली असेल तेव्हाचा आहे. मोड त्या मानेच्या खाली असेल तर बहुतेक वेळा गोळा बदलत नाहीत, रॉड घालतात.

बिनसिमेंटच्या पद्धतीत गोळ्याची दांडी हाडाच्या पोकळीत घट्ट ठोकतात, कुऱ्हाडीत दांडा ठोकावा तशी. पुढे हाड तिच्यावर वाढून पकड घेतं. भक्कम हाडात हे छान जमतं. म्हातारपणी मात्र पोकळी रुंद होते आणि भिंती पातळ पडतात. मग ठोकताना तडा जातो, किंवा दांडी सैल राहून चालताना मांडी दुखते. सिमेंट म्हणजे घर बांधायचं नव्हे. पावडर आणि द्रव कालवून केलेला अ‍ॅक्रिलिकचा लगदा असतो तो, साधारण पंधरा मिनिटांत कडक होतो आणि दांडीभोवतीची सगळी फट भरतो. पकड पहिल्या दिवसापासून पक्की असते, हाड वाढायची वाट बघावी लागत नाही.

ब्रिटनमध्ये साठीपुढच्या १,२२५ रुग्णांवर यांची थेट तुलना झाली, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. बिनसिमेंटचे गोळे त्यात आधुनिक घडणीचे होते. तरी चार महिन्यांनी सिमेंटवाल्यांचं रोजचं जगणं बरं होतं. गोळ्याभोवतीचं हाड पुन्हा मोडण्याचं प्रमाण सिमेंटमध्ये ०.५ टक्के, बिनसिमेंटमध्ये २.१ टक्के. वर्षभरातले मृत्यू सिमेंटमध्ये २३.९, बिनसिमेंटमध्ये २७.८ टक्के, हा फरक ठाम म्हणता येत नाही, पण सिमेंटने जास्त माणसं दगावली नाहीत एवढं नक्की.

तरीही नातेवाईक सिमेंटला घाबरतात, आणि त्या भीतीला कारण आहे. सिमेंट दाबून भरताना पोकळीतली चरबी, हाडातला मगज रक्तात ढकलला जाऊन फुप्फुसात पोचू शकतो. अशा वेळी रक्तदाब आणि ऑक्सिजन अचानक उतरतो, क्वचित जीवही जातो. म्हणून सर्जन पोकळी धुऊन कोरडी करतात, सिमेंट भरण्याआधी भूलतज्ज्ञांना सावध करतात. अंगात पाणी कमी असेल तर धोका वाढतो, आणि आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो, आणि पडलेली माय लघवीला उठायला नको म्हणून पाणीच पीत नाही. भरती करताना डॉक्टरांना हे सांगाच.

हृदय किंवा फुप्फुस फारच खालावलेलं असेल तर भूलतज्ज्ञ बिनसिमेंटचा सुचवतील. तेव्हा त्यांचं ऐकावं. साठीच्या आतल्या माणसात शक्यतो स्वतःचाच गोळा स्क्रूने वाचवायचा प्रयत्न होतो.

‘बिनसिमेंटचा’ म्हणजे नवा आणि भारी, असंही धरून चालू नका. स्वस्तातला ऑस्टिन मूर गोळाही सहसा बिनसिमेंटचाच बसवतात, आणि ती घडण गेल्या शतकाच्या मध्याची आहे. कुठला बसवणार, ते नावानिशी विचारा.

या निवडीपायी ऑपरेशन मात्र लांबवू नका. मालिशवाल्याकडे दोन दिवस, मग नाशिकला न्यायचं का यावर दोन दिवस, एवढ्यात पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो. तब्येत स्थिर असेल तर दोन दिवसांच्या आत टेबलावर घेतलेलं बरं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे आरोग्यमित्राला (दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनिसाला) भरतीच्या दिवशीच विचारा, आणि रेशनकार्ड, आधारकार्ड निघतानाच पिशवीत टाका.